बाबा, ३३च्या स्पीडवर!

माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर घरच्या घरी दुरुस्त करता येतो? येतो की! तीन वीकेण्ड, थोडं स्पिरिट, बराचसा पेशन्स... आणि एक गोष्ट, जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसते.

तुमच्याही गावच्या घरी अशी एक पेटी असेल बघा. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फ्लॉवरपॉट, त्यात वर्षानुवर्षांची प्लॅस्टिकची फुलं. आमच्या भद्रावतीच्या घरी आहे. रुमाल उचलला की खाली सागवानी खोकं आणि खोक्यात गॅरार्डचा रेकॉर्ड प्लेअर. मेड इन इंग्लंड, बॉस!

बाबा चांदा ऑर्डनन्स फॅक्टरीत नुकतेच फिटर म्हणून लागले होते, तेव्हाची ही खरेदी. साल १९७४. नागपूरला सीताबर्डीवर, सेकंडहँड, तीन पगार घालून! लग्नाआधी फ्रिज नाही, स्कूटर नाही, पण प्लेअर आहे, ही आमच्या घरातली कायमची जोक. आई तो जोक प्रत्येक पाहुण्याला सांगायची आणि मग स्वतःच माणिक वर्मांची रेकॉर्ड काढून द्यायची.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून तीन आठवड्यांचं वर्क फ्रॉम होम घेऊन घरी गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी जाणवलं, घरात गाणंच नाहीये.

‘‘बाबा, प्लेअर नाही लावत आता?’’

‘‘मशीन खराब झालं नं ते. जुनं झालं. राहू दे.’’

विषय बंद. पण मला चेव आला. इकडे पुण्यात माझे मित्र नवेकोरे टर्नटेबल घेऊन फोटो टाकतायत. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. आणि आमच्या घरचा ओरिजिनल पीस फ्लॉवरपॉटखाली? नो वे!

वीकेण्ड पहिला : ठक, ठक, ठक

प्लग काढला, थाळी उचलली. (मधली छोटी क्लिप काढली की थाळी सरळ वर येते. ओढाताण करायची नाही.) आतलं यंत्र इतकं साधं आहे की हसू येतं. एक मोटर. तिच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची पितळी पुली. पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये रबराचं एक चाक. मोटर चाकाला फिरवते, चाक थाळीला. स्पीडचा खटका १६, ३३, ४५, ७८ असा सरकवला की चाक पुलीच्या वेगळ्या पायरीवर जाऊन बसतं. झालं! मायक्रोचिप नाही, सॉफ्टवेअर अपडेट नाही.

आमच्या प्लेअरचे आजार दोन. एक, स्पीड मंद. गाणारा झोपेतून उठून गातोय असं वाटावं. दोन, गाण्यामागे सतत ‘ठक, ठक, ठक’. पहिल्याचं कारण वंगण. पन्नास वर्षांत ग्रीसचा चक्क गोंद होतो. त्यावर नवं तेल ओतलं तर काहीच उपयोग नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुनं सगळं पुसून काढायचं, मग पातळ मशीन ऑइलचा एक थेंब. एकच! जास्त झालं तर तेल उडून रबरावर जातं आणि चाक घसरायला लागतं.

दुसऱ्याचं कारण शोधताना गंमत झाली. रबरी चाकाला एका जागी खळगा पडला होता. हा खळगा पडतो कशानं? खटका बंद केला की चाक पुलीपासून सुटतं. पण प्लेअर चालू असताना लाइट गेली आणि खटका तसाच राहिला, तर चाक तासन्‌तास पुलीवर दाबलेलं राहतं. आठवतंय ना २००५च्या आसपासचं लोडशेडिंग? चंद्रपूरचं थर्मल स्टेशन अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणार आणि शेजारच्या भद्रावतीत आम्ही मेणबत्ती शोधणार! त्या काळोखाचा ठसा चक्क रबरावर राहिला होता.

चाक काढून बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हातानं गोल फिरवत घासलं. बाबा दारात उभं राहून बघत होते.

‘‘कायले एवढं दाबतं? रबर आहे ते, लोखंड नाही.’’

फिटर रिटायर होतो, फिटरकी नाही!

स्पीड बरोबर झाला का, हे बघायची युक्तीही बाबांचीच. कागदाच्या गोल चकतीवर सारख्या अंतरानं १८० काळ्या रेघा काढायच्या, चकती थाळीवर ठेवायची आणि चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली प्लेअर लावायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. थाळी मिनिटाला बरोबर ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेत असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर स्पीड जास्त, मागे गेल्या तर कमी. (४५साठी १३३ रेघा, ७८साठी ७७.) एलईडी बल्बखाली हा खेळ बहुतेक वेळा जमत नाही, म्हणून आमच्या स्वयंपाकघरातली म्हातारी ट्यूब कामी आली.

रेघा थांबल्या. मी ओरडलोच. बाबा म्हणाले, ‘‘हं.’’

वीकेण्ड दुसरा : मे महिन्यात मेलेलं मीठ

थाळी फिरायला लागली, पण आवाज? नुसता खरखराट. गावातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेलो. दुकानात आता मोबाइलचे कव्हर लटकतात, पण माणूस तोच. आर्मच्या टोकावरचं कार्ट्रिज हातात घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘हे उन्हाळ्यात कुठं ठेवलं होतं भाऊ?’’

माळ्यावर. टिनाखाली. घराचं काम निघालं तेव्हा, तीन उन्हाळे!

तर सायन्स असं. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या मिठाचा स्फटिक असतो. सुई हलली की स्फटिक दाबला जातो आणि त्यातून किंचित वीज निघते. हीच वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाऊन गाणं होते. पण हे मीठ नाजूक. ५५ अंशांच्या आसपास ते बिघडायला लागतं आणि पावसाळ्यात ओल पितं. आमच्याकडे मे महिन्यात पारा सावलीतच ४६-४७ला टेकतो, मग टिनाखाली काय होत असेल! मीठ केव्हाच मेलं होतं.

यावर इलाज म्हणजे सिरॅमिक कार्ट्रिज. उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला थेट चालतं. ऑनलाइन मागवलं, पुण्यात चौघांचं शनिवारचं जेवण होतं तेवढ्यात. हौसेनं मॅग्नेटिक कार्ट्रिज लावायला जाऊ नका. त्याचा आवाज इतका क्षीण निघतो की वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो, आणि जुन्या जड आर्मला ते झेपतही नाही.

सुईचंही एक गणित आहे. एलपीच्या सुईचं टोक साधारण एक थाऊचं, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ७८च्या जुन्या रेकॉर्डला लागते तीन थाऊची. म्हणून जुन्या कार्ट्रिजला उलटसुलट करता येणाऱ्या दोन सुया असतात. चुकीची सुई लावली की रेकॉर्ड कायमची खराब. हे मी वाचून बाबांना सांगत होतो. त्यांचे डोळे चमकले. ‘‘एक थाऊ? आम्ही शॉपमध्ये तेवढ्यावर जॉब रिजेक्ट करत होतो.’’

मग रेकॉर्ड धुवायला काढल्या. एलपीच्या एका बाजूची खाच सरळ उलगडली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. आमच्याकडे त्या खाचेत कोळशाची धूळ! डिस्टिल्ड वॉटर, त्यात जरासं आयसोप्रोपिल, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश. खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही.

पण थांबा! ७८च्या रेकॉर्डला स्पिरिट चुकूनही लावू नका. त्या व्हिनाइलच्या नसतात, लाखेच्या असतात. सुतार फर्निचरला पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो ना? तोच चपडा. पळस, कुसुम, बोराच्या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तिच्यापासून अर्ध्या शतकाहून जास्त काळ जगभरच्या रेकॉर्ड बनल्या. आमच्या जंगलात फाल्गुनात पेटणाऱ्या पळसाचं हे नातं मला पस्तिशीत कळलं!

धुताना एक गोष्ट खटकली. आईच्या आवडत्या माणिक वर्मांवर नवा ओरखडा होता. वसंतराव देशपांड्यांवरही. भीमसेनजींवरही. सगळे ओरखडे एकाच जागी, पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला. मला वाटलं, सुई खराब होती, दुसरं काय.

वीकेण्ड तिसरा : छोटा खटका

शनिवारी सकाळी सगळं तय्यार. मी वसंतराव लावले. मूळचे आपल्या विदर्भाचे, म्हणून मान त्यांचा. आवाज आला आणि अंगावर काटा. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले. बाजू संपली. मी म्हटलं, ‘‘आता तुम्ही लावा.’’

‘‘तूच लाव.’’

संध्याकाळी तेच. रविवारी सकाळी तेच. मी जरा चिडलोच. तीन आठवडे खपलो, आणि हे हातही लावायला तयार नाहीत? शेवटी मी मुद्दाम फोन आल्याचं नाटक करून आतल्या खोलीत गेलो. दाराच्या फटीतून पाहिलं.

बाबा उठले. माणिक वर्मांची रेकॉर्ड काढली, कडेनं धरून, नेहमीसारखी. थाळीवर ठेवली. आर्म उचलला. आणि त्यांचा हात थरथरायला लागला. थोडाथोडका नाही. सुई रेकॉर्डच्या वर हिंदकळत होती. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, श्वास रोखला, पुन्हा प्रयत्न केला. मग आर्म जागेवर ठेवला, रेकॉर्ड कव्हरमध्ये सरकवली आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

ओरखडे पहिल्या गाण्याच्या सुरुवातीलाच का, हे मला तेव्हा समजलं. मशीन खराब झालंच नव्हतं. म्हणजे झालं होतं, पण बाबांनी प्लेअर बंद केला तो त्यामुळे नाही. ज्या हातानं आयुष्यभर एक-एक थाऊ पकडला, तो हात आता सुई टेकवू शकत नव्हता, आणि हे मला सांगण्यापेक्षा मशीनला दोष देणं सोपं होतं.

मी बाहेर आलो, पण काही बोललो नाही. काय बोलणार?

आर्मच्या शेजारी एक छोटा खटका असतो. लिफ्ट. तो दाबला की आर्म आपोआप वर उचलला जातो, सोडला की सावकाश खाली उतरतो. आमचा जाम होता. पहिल्या वीकेण्डलाच पाहिला होता आणि ‘हे काय, हातानं लावता येतं की’ म्हणून सोडून दिला होता. आतल्या दांडीभोवती घट्ट सिलिकॉनचं वंगण असतं, त्यानंच आर्म हळू उतरतो. ते पार वाळलं होतं. दांडी काढली, स्पिरिटनं स्वच्छ केली. खेळण्यातल्या रेसिंग कारच्या डिफरन्शियलसाठी मिळतं ते मधासारखं सिलिकॉन ऑइल मागवलं. मंगळवारी आलं. टाचणीच्या टोकानं दांडीला लावलं, दांडी बसवली, उंचीचा स्क्रू जुळवला. अख्ख्या तीन आठवड्यांतलं सगळ्यात छोटं काम. पाऊण तास.

‘‘बाबा, लिफ्ट चालू झाली बघा. आर्म कडेला आणायचा आणि खटका सोडायचा. हात लावायची गरजच नाही.’’

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नेमकं काय ओळखलं, ठाऊक नाही. मग तळहाताची कड खोक्यावर टेकवून बोटानं आर्म सरकवला आणि खटका सोडला. सुई उतरली. अगदी अलगद. ओरखड्यावर दोनदा ‘टक’ झालं, आणि माणिकबाई गायला लागल्या.

‘‘बरं केलं,’’ बाबा म्हणाले. एवढंच.

आता पुण्यात दर रविवारी फोन येतो, मागे गाणं चालू असतं. नीलमाची सुई ५० ते १०० तासांत बदलायची असते, हे मी सांगून आलो होतो. बाबांनी फॅक्टरीतल्यासारखं लॉगबुक घातलंय. तारीख, रेकॉर्ड, मिनिटं. परवाच्या रविवारपर्यंत ४१ तास झाले.

करून बघायचंय? मग हे लक्षात ठेवा

• खोलण्याआधी प्लग काढा आणि प्रत्येक स्टेपचा मोबाइलवर फोटो घ्या. जोडताना देव आठवत नाही, फोटो आठवतो!
• व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा करंट साठलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचंच.
• काम झालं, किंवा लाइट गेली, तर स्पीडचा खटका बंद करा. रबरी चाक वाचेल.
• रेकॉर्ड उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत आणि उन्हात त्या वाकतात.
• अमेरिकेहून काकांनी आणलेला प्लेअर तसाच लावू नका. तो ११० व्होल्टचा असतो, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेली जुनी मोटर आपल्याकडे हळू फिरते.
• आणि हो, सुरुवात करण्याआधी विचारा, हे वाजवणार कोण? दुरुस्ती तिथूनच सुरू करा.