एचआयव्हीबद्दल विचारायचंय? ग्रुपवर नको, ताईला वेगळा मेसेज करा

दोडामार्गातल्या एखाद्या मुलीला एचआयव्हीबद्दल शंका आली तर ती कोणाला विचारणार? घरी सोय नाही. मेडिकलवाले काका बाबांच्या ओळखीचे. उरला फोन, आणि तोही अधूनमधून भावाच्या हातात असतो.

इथे 'मेंटर ताई' कामाला येते. ट्रेनिंग घेतलेली, साधारण आपल्याच वयाची, मेसेजवर उत्तर देणारी. कल्पना जुनीच आहे. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून हे समोरासमोर केलं. वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना कंडोमबद्दल समजावलं, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वॅम्प' ही संघटना उभी राहिली.

फेसबुकवर हे चालतं का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिसच्या एका अभ्यासात ११२ जण होते. ज्या ग्रुपमध्ये मेंटर एचआयव्हीवर बोलत, तिथल्या ४४ टक्के लोकांनी टेस्ट किट मागवलं. इतर आरोग्यविषयांच्या ग्रुपमध्ये २० टक्क्यांनी. ते सगळे पुरुष होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे लावू नका.

आता माझ्या कामाचा भाग. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर प्रत्येक मेंबरला दिसतो. छोट्या तालुक्यात नंबर म्हणजे नावच! कम्युनिटीच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये तो इतर मेंबर्सपासून लपतो, ॲडमिनला मात्र दिसतो. म्हणून माहिती तिथे वाचा, प्रश्न ताईला वेगळा पाठवा. त्या चॅटला 'चॅट लॉक' लावा, म्हणजे नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दिसत नाही. 'डिसअपिअरिंग मेसेजेस' २४ तासांवर ठेवा. स्क्रीनशॉट मात्र त्याने थांबेलच असं नाही. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण तिथलं साधं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' उघडावं लागतं.

एका बाबतीत ताईच्या रिप्लायची वाट बघत बसू नका. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर पीईपी गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या, सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. थेट सरकारी हॉस्पिटल गाठा. गोळ्या डॉक्टर ठरवतील, ताई नाही.

टेस्ट आयसीटीसी या सरकारी केंद्रात मोफत होते, आणि ती आपल्याच तालुक्यात करायला हवी असं काही नाही. रिझल्ट तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगू नये, असं २०१७ चा एचआयव्ही कायदा म्हणतो. आणि ताई ऑफलाइन असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहेच.