आजोबांची रॅले आणि चोवीस आटे

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : 'जिन्याखालील सामान रविवारपर्यंत हलवावे, अन्यथा भंगारात देण्यात येईल.' जिन्याखाली आमचं सामान म्हणजे एकच, आजोबांची सायकल. टायर नाहीत, सीटचं चामडं उंदरांनी खाल्लेलं आणि वरून कुणीतरी फासलेला हिरवा ऑइलपेंट! भंगारवाल्याने उचलून बघितली. "वीस किलो भरेल, साडेचारशे देतो." बाबा हो म्हणणार, तेवढ्यात मी मध्ये पडलो. ती काही साधीसुधी सायकल नव्हती. 'आजोबांची विलायती रॅले' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आजोबा ठाण्याला नौपाड्यात राहायचे आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. रोजची ड्युटी याच सायकलवर.

एका मित्राच्या टेम्पोतून सायकल होस्टेलच्या मागच्या पडवीत आली. रेक्टर सरांनी अट घातली, "महिन्याभरात चालती झाली नाही तर मीच भंगारवाल्याला बोलावीन." तर मित्रहो, त्या महिन्यात जे शिकलो ते इथे सांगतो. कुणाच्या गावी, कुणाच्या माळ्यावर अशी सायकल असेलच.

आधी ओळख, मग रंग

सुरुवातच चुकली. उत्साहाच्या भरात ड्रिलला वायर ब्रश लावला आणि मागच्या मडगार्डवर चालवला. हिरव्या रंगाखालून सोनेरी रेघ आली, दोन-तीन अक्षरं आली आणि ब्रश थांबवेपर्यंत गेलीसुद्धा! जुन्या सायकलचा पुरावा रंगाच्या थरातच असतो. म्हणून पहिला नियम : ओळख पटेपर्यंत घासायचं नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे.

मग ओळखायची कशी? सगळ्यात सोपी खूण म्हणजे पुढचं दातेरी चाक, चेनव्हील. जुन्या इंग्रजी कंपन्या त्यातच आपली खूण कापायच्या. नॉटिंगहॅमच्या रॅलेचा बगळा, रज-व्हिटवर्थचा हाताचा पंजा, बी.एस.ए.ची तीन अक्षरं. आमच्या चेनव्हीलवर माती पुसली तर तीन बगळे! मी तर तिथेच नाचलो. घरी फोन करून सांगितलं, "खरंच रॅले आहे."

दुसरी खूण हबची. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर त्याच्यावर बहुतेक वेळा महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. आमची बिनगिअरची, त्यामुळे ती वाट बंद. तिसरी खूण खास आपल्याकडची, ती म्हणजे बिल्ला. पूर्वी सायकलला कर असायचा आणि तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा. हँडलच्या दांडीला तारेने बांधलेला एक बिल्ला सापडला. त्यावर 'ठाणे न.प.' आणि '78-79' एवढं वाचता आलं. ठाण्याची महापालिका झाली 1982 मध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या काळातला हा बिल्ला हिशेबात बसत होता.

इथपर्यंत सगळं जमलं होतं. बिघडलं वर्कशॉपमध्ये.

चोवीस का सव्वीस?

पेडलचा आस ज्या नळीतून जातो तिथल्या वाट्या मी बाहेर काढल्या. वर्कशॉपचे सर म्हणाले, "रॅले म्हणतोस ना? मग आटे मोज." सेकंड इयरला मशीन ड्रॉइंगमध्ये ज्याला शिव्या घातल्या तो पिच गेज इथे कामाला आला. नॉटिंगहॅमची रॅले इथे इंचाला 26 आटे कापायची. बाकी बहुतेक सायकली बी.एस.ए.च्या मापाच्या, इंचाला 24. आमच्या वाटीवर 26चं पान बसेचना. 24चं अगदी चपखल बसलं. चेनव्हील बदलता येतं, हँडल बदलता येतं, पण हे आटे फ्रेमच्या पोटातच कापलेले असतात. म्हणजे बगळा रॅलेचा, पण फ्रेम रॅलेची नाही!

मग हँडलखालच्या उभ्या नळीवर कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून हळूहळू फिरवत बसलो. घासलं अजिबात नाही. तासाभराने हिरव्याखालून पितळी पट्टी दिसायला लागली. अक्षरं उघडली : 'हिंद', आणि खाली 'बॉम्बे'.

हिंद सायकल्स म्हणजे वरळीचा कारखाना, 1930च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला. अख्खी सायकल देशात बनवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक. पुढे 1980 मध्ये केंद्र सरकारने एकाच कायद्याने दोन आजारी कंपन्या ताब्यात घेतल्या, वरळीची हिंद सायकल्स आणि आसनसोलला रॅले बनवणारी सेन-रॅले.

सगळं खरं, पण मी खट्टू झालो. घरी कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी आजीलाच फोन लावला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कळलं का तुला? बरं झालं. तुझ्या काकाला पॉलिटेक्निकला ॲडमिशन मिळाली, तेव्हा रॅले विकली यांनी. महिन्याने ही जुनी घेतली. पोराला कळलं तर तो फी परत मागून आणेल म्हणाले. रात्री बसून रॅलेचं ते चक्र हिला लावलं, काळा रंग मारला. विकत घेणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, चक्र साधं मिळेल म्हणून. पोरांना वाटलं तीच सायकल." पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ हे फक्त तिला माहीत होतं.

सांधायची कशी

यानंतर प्रश्न बदलला. कारखान्यातून निघाली तशी करायची की आजोबांनी चालवली तशी? पुस्तकी रिस्टोरेशन म्हणजे हिंदच्या फ्रेमवर हिंदचंच चेनव्हील. मी बगळा ठेवला.

आता कामाचा क्रम. आधी तडे तपासा. पुढच्या चिमट्याची मुळं आणि नळ्यांचे सांधे डिझेलने पुसून भिंगाखाली बघा. तडा दिसला तर नाक्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका. हे सांधे पितळ वितळवून भरलेले असतात आणि नळीची भिंत पातळ असते. आर्क वेल्डिंगच्या उष्णतेने बाजूची नळीच कमजोर होते.

क्रँकची कॉटर पिन हा सगळ्यांचा शत्रू. दोन दिवस ऑइल मुरू द्या. नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाशी लेव्हल ठेवा, नाहीतर आटे चेपतात. क्रँकच्या खाली जाड पाइपचा आधार द्या, म्हणजे घाव छऱ्यांवर आणि वाट्यांवर जाणार नाही. मग एकच खणखणीत ठोका.

लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आणि उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. हा कुणाचा खोडसाळपणा नाही. भार सतत फिरत राहिल्यामुळे भाग आपल्या जागेत उलट्या दिशेने कणाकणाने सरकतो. सुलटे आटे असते तर चालवता चालवता सुटले असते. व्हायवाला कुणी विचारलं तर उत्तर तयार!

छरे सगळे नवे घाला. क्रँकला दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा. जुने-नवे मिसळले तर भार नव्यांवरच येतो. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की जातो. बारीकसारीक भागांना लिंबूसत्त्वाचं पाणी चालतं, पण छरे आणि कोन रात्रभर बुडवून ठेवू नका. ॲसिडमुळे हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. टायर 28 × 1½चे, ते कल्याणला पहिल्याच दुकानात मिळाले. चाकांचा औट मात्र मी काढला नाही. डोंबिवलीतल्या एका सायकलवाल्या काकांनी नुसत्या नजरेने, वीस मिनिटांत काढला. त्यांच्या भाषेत या सगळ्याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात आणि मला तोच शब्द जास्त आवडतो.

एक इशारा. पावसात स्टीलच्या रिमवर रॉड ब्रेक फार उशिरा लागतो. उतारावर हिरोगिरी करू नका.

सायकल अठ्ठाविसाव्या दिवशी चालती झाली. रेक्टर सरांनी स्वतः एक चक्कर मारली. काळा रंग, पितळी पट्टी आणि बिल्ला जिथे होता तिथेच. मडगार्डवरची ती अक्षरं मात्र गेली ती गेलीच.

गेल्या रविवारी काका येऊन गेले. रिटायर झालेले इंजिनिअर. त्यांनी आधी चेनव्हीलवरून हात फिरवला, "बगळा आहे अजून," म्हणाले. मग वरची पट्टी वाचली. दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. चप्पल काढून बाजूला ठेवली आणि सायकलला नमस्कार केला.