नाण्यावरचा वाघ आणि रानातला वाघ

न्यूझीलंडने १९६७ साली दशमान चलन स्वीकारले, तेव्हा पाच सेंटच्या नाण्यावर तुआतारा नावाच्या प्राण्याचे चित्र घेतले. हा सरपटणारा प्राणी दिसतो सरड्यासारखा. परंतु तो सरडा नव्हे, एका अतिप्राचीन कुळाचा एकुलता एक वारस आहे. माणसाबरोबर आलेल्या उंदरांनी मुख्य भूमीवरून त्याचे उच्चाटन केले आणि किनाऱ्याजवळच्या लहान लहान बेटांवर तो कसाबसा तगून राहिला. पुढे चलनवाढीने त्या नाण्याची क्रयशक्ती खाऊन टाकली व २००६ साली ते चलनातून बाद झाले. तुआतारा मात्र आजही आहे; २००५ साली तर वेलिंग्टनजवळच्या कुंपणबंद अभयारण्यात तो मुख्य भूमीवर परतलाही.

आपल्याकडेही असेच घडले. १९८८ पासून निघालेल्या पंचवीस पैशांच्या पोलादी नाण्यावर गेंडा होता. ती पावली ३० जून २०११ रोजी इतिहासजमा झाली. काझीरंगातील गेंडे मात्र २०२२ च्या गणनेत २,६१३ भरले. नाण्याचे आयुष्य भावपातळीवर अवलंबून असते, प्राण्याचे जमिनीवर आणि तिच्याभोवती राहणाऱ्या माणसांवर. १९४७ च्या निकेलच्या रुपयावर वाघ होता आणि त्याच काळात वाघाची शिकार ही प्रतिष्ठेची बाब समजली जात होती, हेही येथे आठवण्यासारखे आहे.

हे सारे आठवण्याचे कारण वाघाचेच दुसरे नाणे. व्याघ्र प्रकल्पाला पन्नास वर्षे झाली म्हणून ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पन्नास रुपयांचे स्मारक नाणे प्रसिद्ध झाले. असली नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतातच. टांकसाळ ती दर्शनी मूल्याहून अधिक किमतीला संग्राहकांना विकते. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २० मे रोजी, ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात सोडण्यात आल्या. मे महिना म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. चिचगड-देवरीकडचा माणूस पहाटे रानात शिरतो तो हौसेने नव्हे. पावसाळ्यापूर्वी हाती येणारी रोकड बहुतांशी त्या पुड्यांवरच अवलंबून असते.

दुर्मिळतेने किंमत चढते हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्गातला धडा. नाण्याच्या बाबतीत तो निरुपद्रवी आहे. नाणी थोडी पाडली की संग्राहक आनंदाने जास्त पैसे मोजतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. परंतु तोच नियम कातड्याच्या व हाडांच्या चोरट्या बाजारातही चालतो, आणि तेथे वाघ जितके कमी तितका शिकाऱ्याचा मोबदला मोठा. म्हणून वाघाला बाजाराच्या हवाली करून चालत नाही. त्याचे रक्षण ही सार्वजनिक जबाबदारी ठरते. पण सार्वजनिक म्हणजे नेमकी कोणाची? वाघाचा अभिमान साऱ्या देशाचा, पर्यटनाचे उत्पन्न प्रवेशद्वाराजवळच्या हॉटेलांचे, आणि मेलेली गाय मात्र एकट्या गोवाऱ्याची किंवा गोंडाची. नुकसानभरपाई मिळते हे खरे. पण ती जनावराची मिळते, त्या हंगामात भीतीने बुडालेल्या मजुरीची नाही. हिशेबाच्या वहीत या मजुरीसाठी रकानाच नाही.

१९७४ च्या सुमारास जागतिक वन्यजीव निधीच्या पुढाकाराने अनेक देशांनी वन्यप्राण्यांची नाणी काढली, तेव्हा विक्रीच्या उत्पन्नातील वाटा प्राण्यांच्या संरक्षणाकडे वळवण्यात आला होता. आपल्याकडे त्यासाठी नवी संस्था काढण्याचीही गरज नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद केलेलीच आहे. वाघाच्या नाण्यावर दर्शनी मूल्याच्या वर जे मिळेल, त्यातून खर्च वजा जाता उरणारी रक्कम या प्रतिष्ठानांकडे जावी, आणि तिचा पहिला विनियोग हंगामात रान बंद ठेवावे लागले तर बुडणाऱ्या रोजीची भरपाई हा असावा. रक्कम फार मोठी होणार नाही हे उघड आहे; स्मारक नाणी घेणारे हौशी लोक ते किती असणार! तरीही ज्या चित्रावर सरकार चार पैसे अधिक मिळवते, त्या चित्राचे भाडे चिचगडच्या रानाकाठच्या पाड्यांना देण्यात अवघड असे काय आहे, हे अर्थखात्याने एकदा सांगावे.