सावली तीच, मिनिटं वेगळी

८ नोव्हेंबर २०२२, कार्तिक पौर्णिमा, चंद्रग्रहण. कोलकात्यात ४ वाजून ५२ मिनिटांनी चंद्र उगवला तो पूर्ण झाकोळलेलाच. खग्रास स्थितीची शेवटची २० मिनिटं तिथे पाहता येणार होती. मुंबईत चंद्र वर यायला ६ वाजून १ मिनिट झालं. तोवर खग्रास संपून पाऊण तास उलटला होता आणि ६ वाजून १९ मिनिटांनी मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं, होतं. मुंबईच्या वाट्याला आली १८ मिनिटं, तीही क्षितिजाला टेकलेल्या, कड खाल्लेल्या चंद्राची. पंचांगात अशा ग्रहणाला ग्रस्तोदित म्हणतात.

सावली मात्र साऱ्या जगासाठी एकाच क्षणी पडते. घड्याळं तेवढी वेगळी असतात. सन ९९७ मध्ये ख्वारझममधून अल-बिरूनी आणि बगदादमधून अबुल वफा यांनी आधी ठरवून एकच चंद्रग्रहण पाहिलं आणि दोन्हीकडच्या स्थानिक वेळांतल्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतलं अंतर काढलं. तार नाही, टेलिफोन नाही; निरोप्या फक्त चंद्र. मला ही माणसाच्या बुद्धीची फार मोठी झेप वाटते.

ही सावली केवढी? एक सेंटिमीटर म्हणजे हजार किलोमीटर धरू. पृथ्वी झाली पावणेतेरा सेंटिमीटरचा नारळ. चंद्र साडेतीन सेंटिमीटरचा आवळा, नारळापासून ३ मीटर ८४ सेंटिमीटरवर. सूर्य? चार मजली इमारतीएवढा, १४ मीटरचा गोळा, दीड किलोमीटर लांब! त्याच्या उजेडात नारळाची गडद सावली मागे निमुळती होत सुमारे १४ मीटरवर संपते. आवळ्याच्या अंतरावर तिची रुंदी उरते जेमतेम नऊ सेंटिमीटर.

या नऊ सेंटिमीटरमध्ये आवळा सापडायला हवा. पण चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे तो सावलीच्या मध्यापासून ३४ सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली सरकलेला असू शकतो. म्हणून बहुतेक पौर्णिमा कोऱ्या जातात. इसवी सन पूर्व २००० ते इसवी सन ३००० या पाच हजार वर्षांची गणितं मांडलेली आहेत. त्यांत पौर्णिमा सुमारे ६१,८०० आणि चंद्रग्रहणं १२,०६४. त्यांतली ४,३७८ नुसती छायाकल्प, ज्यांत चंद्र किंचित मळकट दिसतो आणि आपल्याकडे ती पाळतही नाहीत. खंडग्रास ४,२०७, खग्रास ३,४७९. म्हणजे दर अठरा पौर्णिमांमागे एक खग्रास.

सावलीच्या तुलनेत चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. त्यामुळे मधोमध शिरला तरी खग्रास स्थिती पावणेदोन तासांच्या फार पुढे जात नाही. २७ जुलै २०१८ च्या रात्री ती १ तास ४३ मिनिटं टिकली, एकविसाव्या शतकातली सर्वांत लांब.

आता पाहणाऱ्यांचा हिशेब. कोणत्याही क्षणी चंद्र अर्ध्या पृथ्वीलाच दिसतो. पण स्पर्शापासून, म्हणजे ग्रहण लागल्यापासून, मोक्षापर्यंत साडेतीन तास लागले, तर तेवढ्यात पृथ्वी ५२ अंश फिरते. विषुववृत्तावर हिशेब केला, तर ३६० पैकी २३२ अंशांच्या पट्ट्याला ग्रहणाचा काही ना काही भाग दिसतो, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त १२८ अंशांना. खग्रास सूर्यग्रहण एका ठिकाणी सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं. खग्रास चंद्रग्रहण मात्र दोन-तीन वर्षांत पुन्हा भेटतं.

मला सर्वांत जास्त गुंतवतात ते आठ तास. ग्रहणाची आवृत्ती १८ वर्षं, ११ दिवस आणि वर आठ तासांनी परतते. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून तेच ग्रहण दुसऱ्याच खंडावर उगवतं. ६ ऑगस्ट १९७१ ला रात्र चढल्यावर आपल्याकडे स्पर्श झाला आणि ग्रहणाचा मध्य आला मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास. त्याचं पुढचं भावंड १९८९ मध्ये आपल्या सकाळी साडेआठला आलं, चंद्र मावळल्यावर. २००७ मध्ये दुपारी चारला. मुंबईत चंद्र उगवण्याआधीच मोक्ष झालेला. आणि २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री पावणेबाराला, ते पुन्हा आपल्या डोक्यावर! फेरी पूर्ण व्हायला ५४ वर्षं आणि महिनाभर लागला. त्या रात्री आजोबांच्या बोटाला धरून गच्चीवर गेलेलं दहा वर्षांचं मूल, हेच ग्रहण पुन्हा इथल्या रात्री येईल तेव्हा, १० ऑक्टोबर २०७९ ला, चौसष्ट वर्षांचं असेल. कदाचित तेव्हा त्याच्या बोटाला कुणी धरलेलं असेल.

ढगांचा हिशेब मात्र कोणत्याच तक्त्यात नसतो. १९७१, २०१८, २०२५ ही तिन्ही ग्रहणं महाराष्ट्रात पावसाळ्यात आली. भूगोलानं दिलेली मिनिटं आभाळानं परत घेतली, की फार हळहळ वाटते.

म्हणून मी ३१ डिसेंबर २०२८ ची वाट पाहतो आहे. कोरडी हिवाळी रात्र, चंद्र उंच. स्पर्श रात्री ८ वाजून ३७ मिनिटांनी. खग्रास ९:४६ ते १०:५८. आणि मोक्ष बारावर सहा मिनिटांनी, १ जानेवारी २०२९ ला.