सिस्टर, आशाताई आणि ती सुई

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत राज्याची सीमा मानत नाही. उदगीर-उमरग्याला दिलेली लेक दिवस भरत आले की इकडे येते, इकडची तिकडे जाते. दवाखान्यात कोण काय करतं, याच्या ऐकीव गोष्टीही तशाच सीमेच्या आरपार ये-जा करतात. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत, काही जिवावर बेतणाऱ्या.

'आशाताई आहे ना गावात, ती करेल बाळंतपण.'
आशा 2005च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, साधारण हजार वस्तीला एक. नाव नोंदवणं, तपासणीला नेणं, दवाखान्यापर्यंत सोबत करणं हे तिचं काम. बाळंतपण करायचं शिक्षण तिला दिलेलं नसतं. ते एएनएमला (दोन वर्षांचा अभ्यासक्रम), जीएनएमला (तीन वर्षं) आणि बीएस्सी नर्सिंग केलेल्यांना (चार वर्षं) मिळतं. गावात मात्र सगळ्यांनाच 'सिस्टर' म्हणतात.

'सुई मारली की लवकर मोकळी होते.'
हा सगळ्यांत घातक समज. ऑक्सिटोसिनची सुई द्यायची वेळ बाळ बाहेर आल्यावरची आहे: एका मिनिटाच्या आत, 10 युनिट, स्नायूत. त्यामुळे गर्भाशय आवळतं आणि अतिरक्तस्राव टळतो. बाळंतपणात आई दगावण्याचं मोठं कारण हा रक्तस्रावच आहे. तीच सुई आधी, कळा वाढवायला स्नायूत दिली तर गर्भाशय फाटू शकतं, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. कळा खरोखरच वाढवायच्या असतील तर औषध सलाइनमधून, थेंब मोजत द्यायचं, बाळाचे ठोके ऐकत राहायचे, आणि तेही जिथं लगेच सिझेरियन होऊ शकतं तिथंच. शिवाय हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद पडलेल्या फ्रिजमधल्या औषधावर भरवसा ठेवता येत नाही. नातेवाईक दाराशी उभे राहून 'काहीतरी द्या की' म्हणत असताना ठाम नकार देणारी सिस्टर आळशी नसते. माझ्या मते त्या रात्री त्या खोलीत तिच्याइतकं शहाणं कुणी नसतं.

'डॉक्टर नसेल तर सिस्टर काय करणार?'
नीट शिकलेली आणि कायद्यानं अधिकार मिळालेली प्रसूतितज्ज्ञ परिचारिका आई-बाळाच्या अत्यावश्यक सेवांपैकी 87 टक्के देऊ शकते, असं 2014च्या जागतिक मिडवाइफरी अहवालात म्हटलं आहे. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. आज प्रसूतीकक्षात हात बसलेली परिचारिका उद्या दुसऱ्याच वॉर्डात जाते. म्हणून 2018 मध्ये केंद्रानं नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ ही स्वतंत्र श्रेणी मांडली, तिचं प्रशिक्षण 18 महिन्यांचं. पुढे 1947च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी 2023चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा आला.

'मराठी घरातल्या मुलीला इथं सरकारी नर्स होता येत नाही.'
राज्यघटनेतलं कलम 371-जे (98वी घटनादुरुस्ती) या भागाच्या शिक्षणसंस्थांत आणि नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागांची सोय करतं. त्याचा निकष जन्म किंवा रहिवास आहे, मातृभाषा नव्हे. कन्नड मात्र यायलाच हवं, आणि ते रास्तच आहे. औरादच्या दवाखान्यात मराठी, कन्नड, दख्खनी तिन्ही बोलणारी सिस्टर सोन्यासारखी. लातूर-सोलापूरला शिकलेलीनं इथं काम करायचं तर कर्नाटक परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी.

'कॉलेजं वाढवली की तुटवडा संपेल.'
फिजीसारखी बेटं परिचारिका घडवतात आणि त्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघून जातात. तशाच बिदरच्या मुली शिकून हैदराबाद, पुणे, बेंगळुरू गाठतात. त्यांना दोष का द्यावा? कंत्राटी नेमणूक, राहायला धड क्वार्टर नाही, रात्री एकटीची ड्यूटी. हे न बदलता नवं कॉलेज काढलं तर फायदा शहरांचाच.

'सासर महाराष्ट्रात, म्हणून इथं पैसे पडतील.'
नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, जेवण, वाहन त्यातच आलं. माहेरी येताना तिकडचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणावं. आधीच्या तपासण्या, रक्तगट, हिमोग्लोबिन त्यावर लिहिलेलं असतं.