आभासी मोटारशर्यत
खऱ्या मोटारगाडीचे वर्तन गणिताने संगणकावर उभे करून आंतरजालाद्वारे दूरदूरच्या स्पर्धकांत होणारी शर्यत. भारतातील मोठे कायम शर्यतपथ चेन्नईजवळ, कोईमतूर व ग्रेटर नोएडा येथे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील होतकरू चालकास तेथील सराव दूरचा व खर्चाचा पडतो. ही उणीव आभासी शर्यत पुष्कळ अंशी भरून काढते. जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ मध्ये ग्रॅन टुरिस्मो या खेळावर आधारित स्पर्धा जिंकून खऱ्या शर्यतींत उतरला व २०१३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत धावला.

आरंभी मेजाला घट्ट बसणारे स्टिअरिंग चक्र व पेडल पुरेसे होतात. चक्रातील विद्युत् चलित्रामुळे पुढील चाकांवरील ताण हातास जाणवतो. एकच संथ गाडी व एकच पथ घेऊन ब्रेक लावण्याच्या जागा पक्क्या कराव्यात. नवशिक्याची मुख्य चूक वेगाच्या हव्यासाची असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयरेसिंग या अमेरिकी सेवेत कौशल्य व सुरक्षितता यांचे गुणांकन वेगवेगळे होते. पथ सोडणे, ताबा सुटणे किंवा धडक यांमुळे सुरक्षिततेचे गुण घटतात व वरच्या वर्गाचा परवाना लांबतो. धडकेत दोष कोणाचा हे गुण कापताना पाहिले जात नाही. नवख्यास हा अन्याय वाटतो. परंतु अंतर राखण्याची सवय त्यामुळेच लागते.

शिवाय संदेशवहनातील विलंबामुळे शेजारची गाडी पडद्यावर दिसते, ते तिचे अंदाजित स्थान असते. गाड्या भिडलेल्या न दिसताही धडक नोंदली जाऊ शकते. म्हणून बिनतारी जोडणीऐवजी तारेची जोडणी घ्यावी आणि पहिल्या वळणावर पुढील गाडीपासून अधिक अंतर ठेवावे.