पांढऱ्या पेशींची पिशवी का मिळत नाही?

अपघातात रक्त गेले, की रक्तपेढीतून पिशवी आणून ते चढवतात, हे मुलांना ठाऊक असते. मग केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर त्यांचीही पिशवी का चढवत नाहीत, असे वर्गात कुणी विचारले तर आपण काय सांगू? उत्तरासाठी आपल्याला थेट हाडांच्या आत डोकवावे लागते.

तांबडी पेशी शरीरात सुमारे १२० दिवस टिकते, शीतपेटीतही महिनाभर चांगली राहते. पांढऱ्या पेशींत संख्येने सर्वांत जास्त असलेल्या न्यूट्रोफिल पेशींचे तसे नाही. जिवाणूंशी पहिला सामना त्यांचाच असतो. पण शरीराबाहेर काढल्या, की एका दिवसात त्या निकामी होऊ लागतात. म्हणून त्या बाहेरून क्वचितच देतात. आपली अस्थिमज्जा मात्र रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. तेव्हा पेशी देण्यापेक्षा हा कारखानाच जोराने चालवता आला तर?

केमोथेरपीची बहुतेक औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतल्या पेशीही तशाच असतात. उपचारानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी न्यूट्रोफिलची संख्या तळ गाठते. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड हजारांहून अधिक असतात. त्या ५०० च्या खाली गेल्या, की स्वतःच्या आतड्यातले जिवाणूही जिवावर उठतात. पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचाच बनलेला असतो. त्यामुळे अशा रुग्णाला जंतुसंसर्ग झाला तरी पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. दिसतो तो फक्त ताप. म्हणूनच केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइटचा ताप आला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते.

मज्जेला कामाला लावणारा पदार्थ सापडला तो वेगळ्याच शोधात. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रे ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ उंदरांच्या पेशी अगरमध्ये वाढवत होते. अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास. त्यात मज्जेतील पेशींच्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या वसाहती उगवल्या; पण शेजारी दुसऱ्या काही पेशी असतील तरच! त्या शेजारी पेशींतून काहीतरी पाझरत असले पाहिजे. इस्राएलमध्ये प्लुझनिक आणि साक्स यांनाही याच सुमारास स्वतंत्रपणे हेच आढळले. पाझरणाऱ्या या प्रथिनांना 'वसाहत-उत्तेजक घटक' असे नाव पडले. त्यांतले न्यूट्रोफिल वाढवणारे ते जी-सीएसएफ. शरीरात ते इतके अल्प असते, की शुद्ध रूपात हाती यायला अनेक वर्षे गेली. १९८६ मध्ये त्याचे मानवी जनुक वेगळे केल्याचे जाहीर झाले. ते ई. कोलाय या जिवाणूत घालून प्रथिन बनवता येऊ लागले, आणि १९९१ मध्ये अमेरिकेत 'फिलग्रॅस्टिम' या नावाने औषधाला परवानगी मिळाली.

हे औषध म्हणजे पेशी नव्हेत. तो मज्जेला दिलेला निरोप आहे. संसर्ग झाला, की शरीर स्वतःही हाच निरोप धाडते. तो मिळताच न्यूट्रोफिलच्या पूर्वज पेशी अधिक वेळा विभागतात, लवकर पक्व होतात आणि लवकर रक्तात उतरतात. यावरून एक प्रश्न मुलांना जरूर घालावा: हे इंजेक्शन केमोथेरपीच्या दिवशीच का देत नाहीत? विभागणाऱ्या पेशींची संख्या वाढवायची आणि त्याच वेळी विभागणाऱ्या पेशींना मारणारे औषध द्यायचे, म्हणजे पेरणी करून लगेच नांगर फिरवण्यासारखे! म्हणून सामान्यतः निदान २४ तासांचे अंतर ठेवतात.

याच औषधाचा दुसरा उपयोग निरोगी माणसावर होतो. मज्जेतील मूलपेशी एका प्रथिनाच्या ओढीने तेथे धरून ठेवलेल्या असतात. चार-पाच दिवस इंजेक्शन दिले, की ती पकड ढिली होते आणि मूलपेशी रक्तात येतात. मग दात्याच्या हातातील शिरेतून रक्त यंत्रात घेऊन मूलपेशी वेगळ्या करतात आणि उरलेले रक्त परत देतात. याला काही तास लागतात. हाडात सुई घालावी लागत नाही. हाडे दुखणे, डोकेदुखी, थकवा हे त्रास होतात, पण बहुधा काही दिवसांत जातात. प्लीहा थोडी वाढते. ती फुटणे अगदी विरळा. तरी पोटात डावीकडे वरच्या बाजूला दुखले तर लगेच सांगावे, असे दात्याला बजावलेले असते.

सख्ख्या भावंडाशी ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारात एक. बाकीच्यांची भिस्त बहुधा अनोळखी दात्यावर. प्रत्यारोपणाआधी रुग्णाला तीव्र औषधे देतात. त्यांत बहुधा त्याची स्वतःची मज्जा नष्ट होते. त्यानंतर दात्याने भीतीपोटी माघार घेतली, तर रुग्णाला परतीची वाट उरत नाही. नकार देण्याचा हक्क दात्याला शेवटपर्यंत असतो. म्हणूनच विचार नाव नोंदवण्याआधी पूर्ण व्हायला हवा. नोंदणी अठराव्या वर्षानंतर करता येते. बारावीच्या वर्गातली मुले त्या उंबरठ्यावरच असतात. होकार द्यायचा की नकार, हे त्यांनी ठरवावे. नेमके काय घडते, हे मात्र त्यांना आपण सांगितलेले असावे.